चौदा वेळा वितळलेली ट्यूब: रीकॉम्बिनंट मानवी प्रथिनाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिकमधल्या एका महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रातलं आहे. मी तिथे मार्गदर्शक म्हणून काम करते. कुणाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत, पण चुका जशा झाल्या तशाच ठेवल्या आहेत. त्यातल्या दोन माझ्या आहेत.

जानेवारी ते मार्चमध्ये वाइनच्या द्राक्षांची तोडणी चालू असते, तेव्हा दिंडोरीकडच्या वायनऱ्यांच्या आवारात चोथ्याचे ढीग लागतात. साल, बिया, थोडे देठ. आमच्या संशोधक विद्यार्थिनीचं घर निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागायतदारांचं. या चोथ्यातली पॉलिफेनॉल्स (वनस्पतींतली टॅनिनसारखी रसायनं) दाह कमी करतात का, हा विषय तिने स्वतः निवडला होता. प्रयोगाची मांडणी जुनीच आणि सर्वमान्य होती. ए५४९ या मानवी फुप्फुसाच्या पेशींना टीएनएफ-अल्फा हे दाह पेटवणारं प्रथिन दिलं की त्या आयएल-८ नावाचं दाहाचं प्रथिन सोडतात. सोबत चोथ्याचा अर्क दिल्यावर आयएल-८ कमी झालं, तर अर्कात काही दम आहे असं म्हणता येतं. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून आणल्या होत्या. टीएनएफ-अल्फा मात्र परदेशी कंपनीचं, वितरकामार्फत मागवलेलं.

या प्रथिनाविषयी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्या स्वभावावर अवलंबून आहे. रीकॉम्बिनंट मानवी प्रथिन म्हणजे माणसाचं जनुक जिवाणूत किंवा दुसऱ्या पेशीत घालून तिच्याकडून बनवून घेतलेलं प्रथिन. १९८२ साली औषध म्हणून मान्यता मिळालेलं मानवी इन्सुलिन हे त्याचं सर्वांत परिचित उदाहरण. टीएनएफचं मानवी जनुक १९८४ मध्ये क्लोन झालं आणि त्यानंतर ते ई. कोलाय जिवाणूत बनू लागलं. त्याचा एक रेणू साधारण १७ किलोडाल्टन वजनाचा असतो, पण एकटा रेणू काम करत नाही. तीन रेणू एकमेकांना धरून बसले तरच पेशीवरचा ग्राही (संदेश घेणारं प्रथिन) त्यांना ओळखतो. हे त्रिकूट विस्कटलं किंवा रेणूंची गुठळी झाली, तर ट्यूबमध्ये प्रथिन असतं पण त्याचं काम थांबलेलं असतं. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. द्रव पहिल्या दिवशी पाण्यासारखा होता आणि शेवटच्या दिवशीही.

आमच्याकडे आलेली व्हायल, म्हणजे छोटी कुपी, १० मायक्रोग्रॅमची, पांढऱ्या पापुद्र्यासारख्या कोरड्या पावडरची. नीट उजेडात धरल्याशिवाय तळाशी काही आहे हेही कळत नाही. किंमत विद्यार्थिनीच्या महिन्याच्या विद्यावेतनाचा मोठा भाग खाणारी. त्यामुळे पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या मनात एकच विचार होता, की हे पुरवून पुरवून वापरायचं. पुढच्या बहुतेक चुका या काटकसरीतूनच निघाल्या.

अडचण

फेब्रुवारीत व्हायल उघडली. विद्यार्थिनीने त्यात १ मिलिलिटर निर्जंतुक पीबीएस बफर (आम्लता स्थिर ठेवणारं फॉस्फेटचं खारट द्रावण) घातलं आणि १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरचं द्रावण करून एकाच ट्यूबमध्ये ठेवलं. आकडा सोयीचा होता, हिशेब तोंडी होत होता. डेटाशीटवर, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकावर, निदान १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ठेवा आणि सोबत वाहक प्रथिन (मूळ प्रथिन भिंतीला चिकटू नये म्हणून घालायचं दुसरं प्रथिन) वापरा, असं लिहिलं होतं. ते तिने वाचलं होतं आणि मलाही दाखवलं होतं. "वाहक प्रथिन घातलं तर आपल्या आयएल-८ च्या मोजणीत अडथळा येईल का, मॅडम?" असं तिने विचारलं, आणि मी नीट विचार न करता "नको मग, साधंच ठेव" म्हणाले. माझी पहिली चूक ही.

मार्च-एप्रिलमध्ये अर्काच्या चार मात्रा तपासल्या, दर आठवड्या-दीड आठवड्याला एक, लहान मात्रेकडून मोठीकडे. प्रत्येक प्लेटवर (पेशी वाढवायच्या छोट्या विहिरींच्या तबकडीवर) नुसत्या पेशी होत्या, नुसता अर्क होता, अर्क अधिक टीएनएफ होतं. फक्त टीएनएफ दिलेला कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, मात्र मार्चच्या पहिल्या प्लेटवर एकदाच घेतला होता आणि पुढच्या सगळ्या आकड्यांची टक्केवारी त्यावरूनच काढली. टीएनएफ वाचावं म्हणून मीच ही मुभा दिली. ही दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी.

निकाल देखणे आले. मात्रा वाढेल तसं आयएल-८ जिन्याच्या पायऱ्यांसारखं खाली उतरत गेलं. एप्रिलअखेर आम्ही एका परिषदेला सारांश पाठवला आणि तो स्वीकारलाही गेला.

मे महिन्यात तिने सर्वांत लहान मात्रा पुन्हा लावली. परीक्षक विचारतील म्हणून या वेळी फक्त टीएनएफचा कंट्रोलही घेतला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्लेट वाचून ती माझ्या टेबलापाशी आली. "मॅडम, कंट्रोलच खाली आलाय." आकडे पाहिले. अर्क न दिलेल्या पेशींचं आयएल-८ मार्चच्या निम्म्याहून कमी होतं. एप्रिलमध्ये मोठ्या मात्रेचा परिणाम म्हणून आम्ही जे लिहिलं होतं, जवळजवळ तिथेच ते येऊन थांबलं होतं.

म्हणजे तो जिना अर्कामुळे उतरत होता की ट्यूबमधलं टीएनएफ आठवड्यागणिक क्षीण होत होतं म्हणून?

कोणते मार्ग होते

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी चर्चा झाली. मुख्य मार्ग तीन होते. प्रत्येकाच्या बाजूने बोलणारं कुणीतरी होतं.

पहिला मार्ग टीएनएफची मात्रा वाढवण्याचा. मे मध्ये दुप्पट-तिप्पट घातलं तर कंट्रोल मार्चच्या पातळीवर येईल आणि काम पुढे सरकेल, असं एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं. ऐकायला व्यवहारी वाटतं. पण अर्धवट मेलेल्या द्रावणात चांगली त्रिकुटं किती, सुटे रेणू किती, गुठळ्या किती हे ठाऊक नसतं. शिवाय ई. कोलायमधून आलेल्या प्रथिनासोबत जिवाणूच्या आवरणाचा अंश, म्हणजे एंडोटॉक्सिन, अगदी थोडा का होईना असतो. प्रथिन मरतं, एंडोटॉक्सिन मात्र सहज मरत नाही. मात्रा वाढवत नेली की क्रियाशील प्रथिनाच्या तुलनेत त्याचा वाटा वाढत जातो. ए५४९ पेशी त्याला तितक्या दाद देत नाहीत, पण शेजारच्या टेबलावर मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींवर काम चालतं, त्या देतात, आणि तीच ट्यूब तिकडेही दोनदा गेली होती. हा मार्ग आम्ही सोडला.

दुसरा मार्ग नवी व्हायल मागवून मे पासून पुढचं काम नीट करण्याचा आणि मार्च-एप्रिलचे आकडे आहेत तसे ठेवण्याचा. याचा मोह खरा होता. सारांश स्वीकारला गेला होता, विद्यार्थिनीच्या प्रगती अहवालाची तारीख जवळ होती. "कदाचित अर्काचा परिणाम खराच असेल," असं मीही एकदा म्हणाले. असेलही. पण तो किती खरा, हे आमच्या आकड्यांवरून सांगता येत नव्हतं, आणि सांगता येत नसलेली गोष्ट परिषदेत उभं राहून सांगायची कशी?

तिसरा मार्ग सगळं थांबवून जुन्या ट्यूबमध्ये नेमकं काय उरलं आहे ते मोजण्याचा. यात वेळ जाणार होता, शिवाय तुलनेसाठी नवी व्हायल लागणारच होती. वितरकाने पाच-सहा आठवडे सांगितले. तरीही तिसराच मार्ग धरला. निर्णय माझा होता, पण वजन विद्यार्थिनीच्या एका वाक्याचं पडलं. "मला कळलंच पाहिजे, मॅडम. नाहीतर पुढची पाच वर्षं मी याच्यावर उभी राहणार." सारांश मागे घेण्याचं पत्र तिनेच लिहिलं आणि त्याच दिवशी पाठवलं.

काय केलं

आधी वही उघडली. तारखा, प्रयोग आणि ट्यूब बाहेर काढल्याच्या नोंदी जुळवल्या. फेब्रुवारी ते मे या काळात ती ट्यूब चौदा वेळा वितळली आणि चौदा वेळा पुन्हा गोठली होती. गोठताना बर्फ आधी पाण्याचा होतो, मीठ आणि प्रथिन उरलेल्या थेंबभर पाण्यात दाटत जातं. सोडियम फॉस्फेटच्या बफरमध्ये तर एक फॉस्फेट आधी स्फटिक होऊन बाहेर पडतं आणि उरलेला द्रव चांगलाच आंबट होतो. बर्फाच्या पृष्ठभागाला लागूनही प्रथिन विस्कटतं. हे सगळं चौदा वेळा झालं होतं.

मग फ्रीजर. आमचा उणे वीसचा डीप फ्रीजर जानेवारीत बंद पडला होता, म्हणून ट्यूब डबल डोअर फ्रीजच्या वरच्या कप्प्यात होती. घरात असतो तसाच, बर्फ न साचणारा फ्रीज. बर्फ साचत नाही याचं कारण तो ठराविक वेळाने स्वतःला गरम करून बर्फ वितळवतो. आइसक्रीमला फारसा फरक पडत नाही, पण एवढ्याशा द्रवाला पडतो. "आत किती तापमान होतं कुणी बघितलंय?" मी विचारलं. दारावरचा आकडा कायम उणे अठरा दाखवत होता.

विद्यार्थिनीचा मामेभाऊ द्राक्ष निर्यात करतो. युरोपला जाणाऱ्या कंटेनरमध्ये पेट्यांच्या मध्ये तापमान नोंदवणारा छोटा लॉगर ठेवतात, म्हणजे वाटेत शीतसाखळी तुटली का हे पोहोचल्यावर कळतं. मे मध्ये हंगाम संपलेला, पॅकहाऊसमध्ये लॉगर पडून होते. तिने दोन मागून आणले. एक कप्प्यात ठेवला, दुसरा दारापाशी. एका आठवड्यात चित्र स्पष्ट झालं. दिवसातून दोन-तीनदा तापमान उणे अठरावरून उणे सहा-सातपर्यंत चढत होतं. वळवाच्या पावसात वीज गेली त्या संध्याकाळी ते शून्याच्या वर गेलं आणि काही तास तिथेच राहिलं. ट्यूब आमच्या हाताने चौदा वेळा वितळली, फ्रीजने ती आणखी कितीदा मऊ केली याचा हिशेब लागणार नाही. ज्या गावात शेतकरी द्राक्षाच्या पेटीचं तापमान न्हावा-शेवापासून रॉटरडॅमपर्यंत पाहतो, तिथे आम्ही इतकं महागडं प्रथिन दारावरच्या आकड्यावर विसंबून ठेवलं होतं. याचं मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

नवी व्हायल जूनच्या शेवटी आली आणि लगेच एक नवा पेच आला. मुंबईहून कसारा घाटातून आलेल्या खोक्यातले जेल पॅक पूर्ण वितळलेले होते. प्रयोगशाळेतले काका म्हणाले, "परत पाठवा, गेलं हे." माझ्याही मनात तेच आलं. पण कोरडी पावडर आणि विरघळलेलं प्रथिन यांत मोठा फरक आहे. पाणी काढून घेतलेल्या प्रथिनाच्या रेणूंना हलायला जागाच नसते, म्हणून बहुतेक अशी प्रथिनं काही दिवसांचा उबदार प्रवास सोसतात, आणि अनेक उत्पादक ती साध्या तापमानातच पाठवतात. डेटाशीट तसंच सांगत होती. वितरकाकडून लेखी खुलासा घेतला, खोक्याचे फोटो आणि लॉट नंबर वहीत चिकटवले आणि व्हायल ठेवून घेतली. अट एकच, की क्रियाशीलता मोजल्याशिवाय ती कुठल्याही प्रयोगात जाणार नाही.

या वेळी उघडण्याआधी व्हायल खोलीच्या तापमानाला येऊ दिली, कारण थंड व्हायल उघडली की हवेतलं बाष्प आत शिरतं. मग सेंट्रिफ्यूजमध्ये थोडी फिरवली, झाकणाला चिकटलेली पावडर तळाशी आली. मागच्या वेळी हे केलं नव्हतं. कितीतरी प्रथिन झाकणासोबत कचऱ्यात गेलं असेल. ०.१ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, हेच वाहक प्रथिन) असलेलं पीबीएस आधी गाळून निर्जंतुक केलं. टीएनएफ मिसळल्यानंतर गाळलं असतं, तर गाळणीच्या पडद्यालाच ते चिकटलं असतं. १०० मायक्रोलिटर घालून डेटाशीटप्रमाणे १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरचं द्रावण केलं. व्हॉर्टेक्स या जोरात घुसळणाऱ्या यंत्रावर न हलवता हळूच फिरवून वीस मिनिटं ठेवलं. मग त्याच बफरने पाचपट सौम्य केलं आणि प्रथिन न चिकटणाऱ्या ट्यूबमध्ये १० मायक्रोलिटरचे भाग पाडले. हिशेबाने पन्नास, हाती सत्तेचाळीस. एका ट्यूबमध्ये २०० नॅनोग्रॅम, म्हणजे आमच्या १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या मात्रेने २० मिलिलिटर माध्यमाला पुरेल एवढं. एक ट्यूब एका दिवसाची. उरलं ते फेकायचं.

हा शेवटचा नियम सगळ्यांना जड गेला. महागडं प्रथिन टाकून द्यायचं म्हणजे हात अडखळतो. पण उरलेलं परत गोठवणं हीच आमची मूळ चूक होती.

ट्यूब शेजारच्या विभागाच्या उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये गेल्या. त्याला जनरेटर जोडलेला आहे. त्यांच्याकडून एका खणाची लेखी परवानगी घेतली.

मोजणी दोन प्रकारे केली. एलायझा किटने (प्रतिपिंडं वापरून प्रथिन मोजणाऱ्या चाचणीने) जुन्या ट्यूबमध्ये मूळच्या निम्म्याच्या आसपास टीएनएफ दाखवलं. इथे थांबलो असतो तर "निम्मं शिल्लक आहे" असं लिहून बसलो असतो. पण एलायझाची प्रतिपिंडं रेणूचा एखादा तुकडा ओळखतात, तो रेणू काम करतो की नाही हे त्यांना कळत नाही. म्हणून एल९२९ पेशींची चाचणी केली. उंदराच्या या पेशी अ‍ॅक्टिनोमायसिन-डी सोबत ठेवल्या की अगदी अल्प टीएनएफनेही मरतात, आणि किती मात्रेला निम्म्या मरतात यावरून खरी ताकद कळते. अ‍ॅक्टिनोमायसिन-डी विषारी आहे, त्याचा कचरा वेगळा काढावा लागतो, हे करताना घाई नको. नव्या ट्यूबचा निकाल डेटाशीटवरच्या पल्ल्यात बसला. उबदार प्रवासाने तिचं काही बिघडलं नव्हतं. जुन्या ट्यूबला तोच परिणाम गाठायला सुमारे नऊपट मात्रा लागली. निम्मं प्रथिन भिंतीला चिकटून किंवा गुठळी होऊन नाहीसं झालं होतं आणि उरलेल्यातलं बहुतेक निकामी होतं.

नवं टीएनएफ दहा मिनिटं उकळूनही एक कंट्रोल लावला. उकळल्यावर प्रथिन मरतं, एंडोटॉक्सिन टिकतं. उकळलेल्या नमुन्याने ए५४९ पेशी हलल्या नाहीत, म्हणजे आम्ही मोजत होतो ते टीएनएफचंच काम होतं.

निष्पत्ती

जुलै-ऑगस्टमध्ये चारही मात्रा एकाच प्लेटवर, एकाच ट्यूबच्या टीएनएफने, सोबत कंट्रोल ठेवून तीनदा लावल्या. जिना नाहीसा झाला. लहान तीन मात्रांचा परिणाम कंट्रोलपासून वेगळा काढता येत नाही. सर्वांत मोठ्या मात्रेला आयएल-८ कमी होतं, पण एप्रिलमध्ये लिहिलं होतं त्यापेक्षा बरंच कमी प्रमाणात.

त्याबद्दलही विद्यार्थिनीनेच एक शंका काढली, जी मला सुचली नव्हती. द्राक्षाच्या बियांतली टॅनिन्स प्रथिनांना धरून खाली बसवतात. वाइन करणारे हेच उलट्या दिशेने वापरतात, वाइनमधलं टॅनिन काढायला अंड्याचा पांढरा भाग घालतात. मग आमचा अर्क पेशींवर काम करतो की माध्यमातल्या टीएनएफलाच पकडून ठेवतो? आता ती पेशींना आधी अर्क देते, तो धुऊन काढते आणि मग टीएनएफ देते. हे काम चालू आहे.

प्रगती अहवालात तिने मार्च-एप्रिलचे आकडे रद्द केल्याचं कारणासह लिहिलं. समितीने प्रश्न बरेच विचारले, पण ओरडलं कुणी नाही. तिचे पाच महिने गेले. मॅक्रोफेजवाल्या सहकाऱ्यानेही त्याचे दोन प्रयोग पुन्हा केले.

वेगळं काय करता आलं असतं

प्रत्येक प्लेटवर फक्त टीएनएफचा कंट्रोल असता, तर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातच लक्षात आलं असतं. बाकी सगळ्या चुका पोटात घालता येतील, ही नाही. कंट्रोलच्या तीन विहिरींना लागणारं टीएनएफ पैशात मोजलं तर नगण्य होतं.

मात्रा चढत्या क्रमाने वेगवेगळ्या आठवड्यांत लावणं हीही आमची मांडणीची चूक. क्रम उलटसुलट असता तर क्षीण होणारं प्रथिन मात्रेच्या परिणामाचं सोंग घेऊ शकलं नसतं.

वाहक प्रथिनाचा प्रश्न मी घाईत निकालात काढला. आयएल-८ च्या मोजणीला बीएसए आड येणार नव्हतं, पेशींच्या माध्यमात सीरममधून त्याच्या कितीतरी पट प्रथिन असतंच. प्रथिनाला रंगद्रव्य जोडायचं असतं किंवा ते पृष्ठभागावर बसवायचं असतं, तर वाहक नको हे बरोबर होतं. उत्तर प्रयोगावर ठरतं, मी ते सवयीने दिलं.

एक इशारा द्यायला हवा. आमची पद्धत टीएनएफसाठी आहे, ती उचलून दुसऱ्या प्रथिनाला लावू नका. टीजीएफ-बीटा-१ साध्या पीबीएसमध्ये नीट विरघळत नाही, त्याला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं. एफजीएफ-२ फ्रीजरमध्ये कितीही जपलं तरी ३७ अंशांच्या माध्यमात दिवसभरात बरंच मावळतं, म्हणून ते पुन्हा पुन्हा घालावं लागतं किंवा हेपरिनने टिकवावं लागतं. ज्याची त्याची डेटाशीट प्रयोग ठरवण्याआधी वाचायची, व्हायल हातात आल्यावर नाही.

मायक्रोग्रॅमवर विसंबण्याची सवयही आम्ही बदलली. दोन लॉटमध्ये १० मायक्रोग्रॅम सारखेच असले तरी ताकद सारखी असेलच असं नाही. त्यासाठीच जागतिक आरोग्य संघटनेची प्रमाण द्रव्यं ब्रिटनमधल्या एनआयबीएससी या संस्थेत ठेवलेली असतात आणि त्यांच्याशी ताडून क्रियाशीलता युनिटमध्ये सांगता येते. आमच्या वहीत आता लॉट नंबरच्या शेजारी युनिट लिहिले जातात.

फ्रीजरच्या दारावर तक्ता आहे, प्रत्येक ट्यूब काढली की सही आणि तारीख. ट्यूबवर लिहायला स्पिरिटने पुसलं जाणारं साधं मार्कर बंद केलं. दोनपैकी एक लॉगर मामेभावाने परत मागितला नाही, तो पूर्वीच्या फ्रीजमध्ये बफरवर लक्ष ठेवून आहे.

दर महिन्याला एक ट्यूब एल९२९ पेशींवर तपासली जाते. जूनमध्ये आलेल्या लॉटच्या नऊ ट्यूब उरल्या आहेत, त्यातल्या तीन हात न लावता बाजूला ठेवल्या आहेत. नवा लॉट मागवला आहे. तो आला की दोन्ही लॉट एकाच प्लेटवर शेजारी शेजारी लावायचे, आणि तोपर्यंत चोथ्याच्या नव्या हंगामाचा अर्क बाटलीतच ठेवायचा, असं विद्यार्थिनीने ठरवलं आहे.